मेडे कधी आणि कसे म्हणायचे: आणीबाणीत रेडिओवर बोलण्याची रीत

इंजिन बंद पडलेले सेस्ना १७२ हे चार आसनांचे छोटे विमान एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे सरकते आणि मिनिटाला सातशे फुटांच्या आसपास उंची गमावते. जालना ते छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात जमीनच समुद्रसपाटीपासून सोळाशे ते एकोणीसशे फुटांवर आहे. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची उंची १,९११ फूट. त्यामुळे अल्टिमीटरवर, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या तबकडीवर, ४,५०० फूट दिसत असले तरी जालन्यावर पोटाखाली खरी उंची असते ती जेमतेम २,८०० फूट. म्हणजे हातात चार मिनिटे आणि चार नॉटिकल मैल. तेवढ्यात वेग साधायचा, शेत निवडायचे, इंजिन पुन्हा धरते का ते पाहायचे आणि रेडिओवर सांगायचे. रेडिओच्या वाट्याला वीस सेकंद येतात. त्या वीस सेकंदांत काय बोलायचे हे जमिनीवर असतानाच जिभेवर बसलेले हवे.

लातूर, परभणी, बीड, नांदेडकडची अनेक मुले-मुली आता वैमानिकीच्या वाटेला लागली आहेत. आरटीआर-ए या विमानातला रेडिओ वापरण्याच्या परवान्याच्या परीक्षेसाठी ती मेडेचा, म्हणजे जिवावरच्या संकटात रेडिओवर द्यायच्या हाकेचा, नमुना घोकतात आणि परीक्षकासमोर म्हणूनही दाखवतात. पण घोकलेला नमुना कॉकपिटमध्ये ऐनवेळी आठवत नाही. त्यातला प्रत्येक तुकडा त्याच जागी का आहे हे कळले असेल, तर तो आपोआप जुळत जातो. म्हणून इथे शब्दांबरोबर कारणेही दिली आहेत.

आधी विमान, मग रेडिओ

इंजिन गेल्यावर पहिला हात माइकच्या बटणाकडे जाऊ देऊ नका. आधी नाक सांभाळून ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाविना तरंगत उतरण्याचा, वेग धरा, ट्रिम करून तो स्थिर ठेवा, उतरण्याजोगी जागा ठरवून तिकडे वळा. मग इंधनाचा सिलेक्टर, मिक्श्चर (इंधन-हवेचे प्रमाण), मॅग्नेटो (ठिणगी देणारे यंत्र) आणि कार्ब्युरेटरचे इंजिन असेल तर कार्ब हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी उष्णता) बघा. हे हात फिरवायला वीस-पंचवीस सेकंद पुरतात. त्यानंतर रेडिओ. जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक तुमचे विमान उडवू शकत नाही, पण तुम्ही कुठे उतरणार हे त्याला कळले तर मदत तिथवर पोहोचते. म्हणून रेडिओ तिसरा असला तरी तो सुटता कामा नये.

उशीरही करून चालत नाही. विमानातला व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत चालतो. पल्ल्याचा ढोबळ हिशेब असा: जमिनीपासूनच्या उंचीचे फुटांमधले वर्गमूळ काढा आणि त्याला १.२३ ने गुणा, उत्तर नॉटिकल मैलांत येते. बीडवर २,८०० फूट खरी उंची असेल तर पल्ला ६५ मैल. चिकलठाणा तिथून ५६ मैलांवर, म्हणजे टॉवर ऐकेल. तिथेच ५०० फुटांपर्यंत उतरून मग बटण दाबले तर पल्ला २७ मैलांवर येतो आणि तुमचा मेडे कोणाच्याच कानावर पडत नाही. समोरच्या अँटेनाची उंची थोडी भर घालते, पण मध्ये डोंगर आला की तीही जाते. बालाघाटच्या पलीकडे खाली उतरलेल्या विमानाने टॉवरच्या भरवशावर राहू नये.

दोन शब्द, दोन पायऱ्या

विमानाला किंवा आतल्या माणसांना गंभीर, समोर ठाकलेला धोका आहे आणि तातडीने मदत हवी आहे, तर मेडे. इंजिन पूर्ण बंद, आग, धूर, नियंत्रण जाणे, इंधन संपत येणे, ढगात अडकलेला आणि उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेला वैमानिक, हे सगळे यात येते.

सुरक्षिततेचा प्रश्न आहे, पण या क्षणी तातडीची मदत नको, तर पॅन पॅन. इंजिन खडखडते आहे पण चालू आहे. वाट चुकली आहे पण इंधन भरपूर आहे. प्रवाशाच्या छातीत दुखते आहे. खाली रस्त्यावर मोठा अपघात दिसला, तरीही पॅन पॅनच, कारण तातडीचा संदेश दिसणाऱ्या दुसऱ्या कोणाबद्दलही असू शकतो.

मेडे तीनदा म्हणायचे. पॅन पॅन ही जोडी तीनदा, म्हणजे पॅन सहा वेळा. तीनदा अशासाठी की पहिला उच्चार दुसऱ्या कोणाच्या बोलण्याखाली दबला तरी उरलेल्यातला एखादा कानावर पडतो. शिवाय शब्द ऐकताच नियंत्रकाचा हात कागद-पेनाकडे जातो आणि पुढचे तो लिहून घेतो.

या दोन शब्दांशिवाय बाकी काहीही म्हटले तरी त्याला आणीबाणीचा दर्जा मिळेलच असे नाही. आपल्याकडची अडचण इथे आहे. वडीलधाऱ्यांशी, साहेबांशी बोलताना आपण संकट लहान करून सांगतो: जरासा त्रास आहे, थोडं बघता का. तीच सवय इंग्रजीत उतरते आणि ‘सर, वी हॅव अ स्मॉल प्रॉब्लेम’ असे वाक्य तयार होते. त्या वाक्यावर नियंत्रक काय करणार? तो म्हणेल स्टँडबाय, आणि दुसऱ्या विमानाकडे वळेल. भीड भिकेची बहीण म्हणतात ते रेडिओवर फार महाग पडते. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ आव्हियांकाचे ५२ क्रमांकाचे बोइंग ७०७ इंधन संपून कोसळले आणि ७३ जण गेले. इंधन संपत आले आहे, प्राधान्य हवे आहे, असे वैमानिकांनी सांगितले होते. आणीबाणी जाहीर करणारा शब्द मात्र शेवटपर्यंत उच्चारला गेला नाही.

मेडे म्हटले आणि नंतर इंजिन सुरळीत झाले, तर मेडे मागे घेता येतो. ‘कॅन्सल डिस्ट्रेस’ म्हणायचे, कारण सांगायचे, काम झाले. प्रामाणिकपणे जाहीर केलेल्या आणीबाणीबद्दल लाज वाटण्याचे कारण नाही. शंका असेल तर वरची पायरी धरा.

संदेशाचा क्रम

आंतरराष्ट्रीय नियमातला क्रम असा आहे: मेडे तीनदा, कोणाला हाक मारता ते नाव, तुमचा कॉलसाइन (विमानाचे रेडिओवरचे नाव), काय झाले, काय करणार आहात, आणि शेवटी ठिकाण, उंची, हेडिंग (नाकाची दिशा). त्यानंतर वेळ उरला तर माणसे किती, इंधन किती वेळाचे, विमानाचा रंग वगैरे.

क्रम असा का? संदेश मध्येच तुटू शकतो. तुटलाच, तर आधी पोहोचलेले अर्धे तरी उपयोगी पडायला हवे. ‘कोण’ आणि ‘काय’ कळले की रडार असेल तिथे नियंत्रक तुम्हाला पडद्यावर शोधू शकतो. जिथे रडारवर दिसण्याची खात्री नाही तिथे मात्र ठिकाण हाच संदेशाचा जीव आहे. खालच्या उंचीवर ग्रामीण भागावरून उडताना हे ध्यानात ठेवा आणि वेळ फार थोडा असेल तर कॉलसाइननंतर लगेच ठिकाण सांगून टाका. शक्य तितके तुकडे, शक्य तितके त्या क्रमाने, असेच नियमही सांगतो.

ठिकाण सांगताना समोरच्याच्या नकाशावर जे आहे ते सांगा. मुंबईत बसलेल्या नियंत्रकाला बदनापूर किंवा माजलगाव ठाऊक असण्याची अपेक्षा धरू नका. विमानतळापासून किंवा व्हीओआरपासून (विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्रापासून) दिशा आणि अंतर द्या. जालना चिकलठाण्याच्या बरोबर पूर्वेला २७ मैल, पैठणचे धरण दक्षिणेला २३ मैल, बीड आग्नेयेकडून दक्षिणेकडे झुकते ५६ मैल. ही अंतरे उड्डाणाआधीच गुडघ्यावरच्या पॅडवर लिहून ठेवली की ऐनवेळी मोजायला लागत नाही. गावाचे, धरणाचे नाव त्यानंतर जोडा. टॉवरमधला माणूस इथलाच असेल तर त्याला ते कळेल, आणि पोलीस व रुग्णवाहिकेला तर गावाचेच नाव लागते.

उंची सांगताना अल्टिमीटरवर दिसते तीच सांगा. वजाबाकी करून जमिनीपासूनची उंची कळवू नका, कारण नियंत्रक सगळ्यांचे आकडे एकाच मापात ऐकतो. वजाबाकी तुमच्या स्वतःच्या निर्णयासाठी आहे.

इरादा सांगताना ‘रिक्वेस्ट’ टाळा. ‘रिक्वेस्ट रिटर्न टू फील्ड’ म्हटले की चेंडू नियंत्रकाच्या कोर्टात जातो आणि तुम्ही उत्तराची वाट पाहत बसता. ‘रिटर्निंग टू फील्ड’ म्हणा. आणीबाणीत विमानाचा अंतिम निर्णय कप्तानाचा असतो आणि सुरक्षिततेसाठी गरज पडली तर नियम बाजूला ठेवण्याची मुभाही त्याला आहे. नियंत्रक तुमच्यासाठी आकाश मोकळे करतो. त्यासाठी तुम्ही काय करणार हे त्याला पक्के कळायला हवे.

एक प्रसंग, पहिल्यापासून

सरावासाठी कल्पिलेले विमान घेऊ. व्हीटी-केएलएम, सेस्ना १७२, आत दोघे, नांदेडहून चिकलठाण्याकडे, जालन्यावर, ४,५०० फूट, हेडिंग २७०. टॉवरशी संपर्क आहे. हाकेचे नाव इथे ‘औरंगाबाद टॉवर’ धरले आहे. प्रत्यक्षात त्या दिवशीच्या एआयपीमध्ये (वैमानिकांसाठीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत) छापलेले असेल तेच वापरायचे.

इंजिन खडखडू लागले, आरपीएम खाली-वर होतो आहे आणि विमान हळूहळू उंची गमावते आहे. ही पॅन पॅनची वेळ. (आकड्यांचे उच्चार असे वेगळे का, ते पुढे येईल.)

‘पॅन पॅन, पॅन पॅन, पॅन पॅन, औरंगाबाद टॉवर, विक्टर टँगो किलो लिमा माइक, सेस्ना वन सेव्हन टू, रफ रनिंग इंजिन, अनेबल टू मेन्टेन लेव्हल, प्रोसीडिंग डायरेक्ट औरंगाबाद, टू सेव्हन माइल्स ईस्ट, फोवर टाउजंड फाइफ हंड्रेड फीट, हेडिंग टू सेव्हन झीरो, टू पर्सन्स ऑन बोर्ड.’

टॉवरकडून पोच येईल: ‘विक्टर टँगो किलो लिमा माइक, औरंगाबाद टॉवर, रॉजर पॅन’, आणि मग सरळ धावपट्टी २७ वर (पश्चिमेकडे तोंड करून उतरायच्या) येण्याची सूचना, वारा, क्यूएनएच (अल्टिमीटर लावण्यासाठीचा हवेचा दाब). पूर्वेकडून येणाऱ्याला २७ नाकासमोरच पडते. धावपट्टी आणि क्यूएनएच परत म्हणून दाखवा, बाकी गप्प राहा.

पाच मिनिटांनी, बदनापूरजवळ १९ मैलांवर, ३,२०० फुटांवर इंजिन थांबले. आता खरी उंची चौदाशे-साडेचौदाशे फूट, म्हणजे दोन मिनिटे. धावपट्टी गाठणे शक्य नाही. नाक सांभाळा, डावीकडे मोकळे शेत दिसते आहे तिकडे वळा, आणि बोला:

‘मेडे, मेडे, मेडे, औरंगाबाद टॉवर, विक्टर टँगो किलो लिमा माइक, इंजिन फेल्युअर, फोर्स्ड लँडिंग, वन नायनर माइल्स ईस्ट ऑफ औरंगाबाद, ट्री टाउजंड टू हंड्रेड फीट, डिसेंडिंग, हेडिंग टू फोवर झीरो, टू पर्सन्स ऑन बोर्ड.’

हे पस्तीसेक शब्द आहेत. रेडिओवर मिनिटाला शंभर शब्दांपेक्षा वेगाने बोलू नये असा दंडक आहे. त्या चालीने वीस-एकवीस सेकंद लागतात. घाईने बारा सेकंदांत उरकले आणि नियंत्रकाला ‘से अगेन’ म्हणावे लागले, तर एकूण पस्तीस सेकंद गेले आणि दीडशेहून जास्त फूट वाया. आधी पॅन पॅन दिलेला असल्यामुळे विमानाचा प्रकार इथे पुन्हा सांगितला नाही. टॉवरच्या कागदावर तो आधीच आहे. पॅन पॅनचा हा मोठा फायदा आहे: मेडेची वेळ आली तेव्हा अर्धे काम झालेले असते.

संदेश संपेपर्यंत पाचशेक फूट खाली आलेले असता. आता बाहेर पाहायचे, तारा पाहायच्या. विहिरीच्या मोटारींच्या तारा आपल्या शेताशेतांतून गेलेल्या असतात आणि वरून तार दिसत नाही, खांब दिसतात. टेकण्याआधी मास्टर स्विच (विमानातली वीज तोडणारा) बंद करावा लागतो आणि त्याबरोबर रेडिओही जातो. म्हणून सांगायचे ते मास्टर बंद करण्याआधी सांगून झालेले असावे. फ्लॅप (पंखांच्या मागच्या, खाली येणाऱ्या पट्ट्या) विजेवर चालत असतील तर तेही त्याआधी.

मे महिन्यात हे गणित आणखी घट्ट होते. ४२ अंश तापमानात चिकलठाण्याची घनता-उंची (गरम, विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) साडेपाच हजार फुटांच्या वर जाते. चढण मंद होते आणि उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले तर हातात चारशे-पाचशे फुटांपेक्षा जास्त काही नसते. तिथे पूर्ण मेडेला वाव नाही. ‘मेडे, मेडे, मेडे, किलो लिमा माइक, इंजिन फेल्युअर, लँडिंग अहेड’ एवढे पुरे. टॉवर तुम्हाला डोळ्यांनी पाहतोच आहे. तेही जमले नाही तर विमान उडवा.

उत्तर आले नाही तर

ज्या फ्रीक्वेन्सीवर बोलत होता तिच्यावरच पहिला मेडे द्या. तिथे तुम्हाला ओळखणारा माणूस बसलेला आहे. फ्रीक्वेन्सी बदलताना आकडा चुकला तर दोन्हीकडून जाल. दोनदा हाक मारून पोच मिळाली नाही तरच आणीबाणीसाठी राखलेल्या १२१.५ मेगाहर्ट्झवर जा. मराठवाड्यावरून मुंबईहून नागपूर-कोलकात्याकडे जाणारी विमाने पस्तीस हजार फुटांवरून सतत जात असतात. त्या उंचीवरून त्यांचा पल्ला दोनशे तीस मैलांचा असतो आणि बहुतेकांचा दुसरा रेडिओ १२१.५ वर लावलेला असतो. टॉवरला न ऐकू येणारा तुमचा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू येतो आणि ते तो पुढे पोहोचवतात. अशा वेळी विशिष्ट टॉवरऐवजी ‘एनी स्टेशन’ अशी हाक मारा.

ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर, आणीबाणीचा कोड ७७०० लावा. नियंत्रकाने आधी एखादा कोड दिलेला असेल आणि तो तुमच्याशी बोलत असेल, तर तोच कोड ठेवायचा. त्या कोडवर तो तुम्हाला ओळखतो आहे. संपर्क नसेल, किंवा ७७०० ने जास्त फायदा होईल असे वाटण्याचे कारण असेल, तर मोकळेपणाने बदला. रेडिओ बंद पडल्यास ७६००. विमानाचा बेकायदा ताबा घेतला गेल्यास ७५००. सरावात आकडे फिरवताना हा शेवटचा चुकूनही पडद्यावर येऊ देऊ नका.

पोच आल्यानंतरचे बोलणे

नियंत्रक विचारेल: आत किती जण, इंधन किती वेळाचे. इंधन लिटरमध्ये सांगू नका, तास-मिनिटांत सांगा: ‘एन्ड्युरन्स वन अवर ट्री झीरो मिनिट्स’. त्याला तुम्ही किती वेळ हवेत राहू शकता ते हवे असते. माणसे मोजताना स्वतःला धरा. अग्निशमनवाले त्या आकड्यावर शोध थांबवतात किंवा चालू ठेवतात.

हात गुंतलेले असतील तर ‘स्टँडबाय’ म्हणा. नियंत्रकाला थांबवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि कोणीही वाईट वाटून घेत नाही. सांगितलेले जमणार नसेल तर ‘अनेबल’ आणि दोन शब्दांत कारण. १५ जानेवारी २००९ ला दोन्ही इंजिने गेलेले एअरबस हडसन नदीत उतरले, तेव्हा नियंत्रकाने परतीची धावपट्टी देऊ केली आणि कप्तानाने हेच उत्तर दिले: अनेबल, कदाचित हडसनमध्ये उतरावे लागेल. त्याच संभाषणात त्याने स्वतःचा कॉलसाइन १५४९ ऐवजी १५३९ असा चुकीचा उच्चारला होता. इतका मुरलेला माणूस ताणाखाली आकडा चुकतो. म्हणून कॉलसाइन मोठ्या अक्षरांत डोळ्यांसमोर चिकटवलेला असावा.

‘रॉजर’चा अर्थ एवढाच की ऐकले. करतो आहे असे सांगायचे असेल तर ‘विल्को’. हो म्हणजे ‘अफर्म’, नाही म्हणजे ‘निगेटिव्ह’. हेडिंग, उंची, क्यूएनएच, धावपट्टी आणि ट्रान्सपॉन्डर कोड हे मात्र आकड्यासकट परत म्हणायचे, आणीबाणीतही. उलटसुलट ऐकलेला एक आकडा नव्या संकटाला पुरेसा असतो.

उच्चार साधे पण ठाम. थ्री नव्हे ट्री, फाइव्ह नव्हे फाइफ, नाइन नव्हे नायनर, फोर नव्हे फोवर. रेडिओच्या खरखरीत फाइव्ह आणि नाइन सारखेच ऐकू येतात. आपल्या तोंडात ‘व’ आणि ‘व्ह’ एक होतात, म्हणून विक्टर आणि व्हिस्की पहिल्या अक्षराला वेगळे काढून म्हणा. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्दच कापला जातो. बोलणे संपल्यावर बटण सोडले की नाही ते पाहा. अडकलेले बटण सगळी फ्रीक्वेन्सी बंद करते. दोघांनी एकदम बटण दाबले तर ऐकणाऱ्याला फक्त शिट्टी ऐकू येते. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफच्या धावपट्टीवर ५८३ माणसे मेली, त्या अपघाताच्या कारणांत अशी एकमेकांवर पडलेली दोन बोलणीही होती.

इंधनाचे दोन वेगळे शब्द

जूनमध्ये वळवाच्या ढगांमुळे चिकलठाणा बंद होतो, विमान घिरट्या घालते, आणि मग हा प्रश्न येतो. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता एकाच विमानतळावर उतरणे ठरले आहे आणि आणखी उशीर झाला तर ठरलेला अंतिम राखीव साठा मोडावा लागेल. ही सूचना आहे. तिने रांगेत पुढचा नंबर मिळत नाही. उतरताना राखीव साठ्यापेक्षा कमी उरणार असा हिशेब निघाला की ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’. राखीव साठा जेटला ३० मिनिटांचा, पिस्टन इंजिनाला ४५ मिनिटांचा. या दोन वाक्यांमधला फरक न समजणारा वैमानिक मिनिमम फ्युएल म्हणून निश्चिंत बसतो आणि नियंत्रक त्याला आणखी दहा मिनिटे थांबवतो.

बाकीचे प्रसंग, थोडक्यात

प्रवासी आजारी पडल्यास पॅन पॅन तीनदा आणि कारणाच्या जागी आजार सांगा. ‘पॅन पॅन मेडिकल’ हा शब्द नियमाप्रमाणे १९४९ च्या जिनिव्हा करारांखाली संरक्षण असलेल्या वैद्यकीय वाहतुकीसाठी राखलेला आहे. व्यवहारात तो सर्रास वापरला जातो, परीक्षेत वापरू नका.

केबिनचा दाब गेला तर आधी स्वतःचा ऑक्सिजन मास्क, मग विमान खाली, मग ‘मेडे’ आणि ‘इमर्जन्सी डिसेंट’, कोणती पातळी सोडली आणि कोणत्या बाजूला वळला ते. पस्तीस हजार फुटांवर शुद्ध मिनिटभरही टिकत नाही. मास्कचा माइक वेगळ्या स्विचवर असतो. तो फिरवायचा राहिला तर तुम्ही बोलता आणि बाहेर काहीच जात नाही. श्वास सोडून झाल्यावर बोला.

टीकॅसने, म्हणजे विमानांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेने, वर-खाली जायला सांगितले तर तेच करा आणि ‘टीकॅस आरए’ (आरए म्हणजे त्या यंत्रणेचा आदेश) एवढेच म्हणा. नियंत्रक उलटे सांगत असेल तर ‘अनेबल, टीकॅस आरए’. १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या यूबरलिंगेनवर एका विमानाने टीकॅसचे आणि दुसऱ्याने नियंत्रकाचे ऐकले. ७१ जण गेले. धोका टळल्यावर ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ आणि मूळ उंचीकडे परत.

रेडिओ गप्प झाला तर आधी आवाजाची खुंटी, स्क्वेल्च (खरखर दाबणारी खुंटी), हेडसेटची पिन, दुसरा रेडिओ, मागची फ्रीक्वेन्सी. अनेकदा पिनच ढिली असते. ऐकू येत नाही पण बोलणे जात असेल असे वाटले तर ‘ट्रान्समिटिंग ब्लाइंड ड्यू टू रिसीव्हर फेल्युअर’ म्हणून संदेश दोनदा द्या आणि पुढे कधी बोलणार ती वेळ सांगा. टॉवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट देऊन फिरत राहा, लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. दिवसा पंख हलवून पोच द्या.

तुम्ही फक्त ऐकत असाल तर

दुसऱ्याचा मेडे कानावर आला की तोंड बंद. ‘काय झाले?’ असे विचारू नका. नियंत्रक ‘ऑल स्टेशन्स, स्टॉप ट्रान्समिटिंग, मेडे’ म्हणेल. संकटातल्या विमानालाही अशी शांतता लादता येते. वेळ, ठिकाण, उंची लिहून घ्या. कोणीच पोच दिली नाही तर तुम्ही द्या आणि पुढे पोहोचवा. पोहोचवताना मेडे कोणाचा आहे ते आधी स्पष्ट करा, नाहीतर नियंत्रक तुम्हालाच संकटात समजून बसेल. ‘डिस्ट्रेस ट्रॅफिक एन्डेड’ ऐकू येईपर्यंत तुमचे नेहमीचे बोलणे थांबलेले राहू द्या.

जमिनीवर आल्यावर

शेतात सुखरूप उतरलात तरी ईएलटी (विमानाचे ठिकाण कळवणारा आणीबाणीचा ट्रान्समीटर) हाताने ‘ऑन’ करा. हलक्या टेकण्याने त्याचा स्विच आपोआप लागत नाही. ४०६ मेगाहर्ट्झचा संकेत उपग्रहांमार्फत बंगळुरूच्या केंद्रात येतो. नुसत्या १२१.५ वर चालणाऱ्या जुन्या ईएलटीकडे उपग्रह १ फेब्रुवारी २००९ पासून लक्ष देत नाहीत, तो संकेत फक्त जवळून जाणारी विमाने ऐकतात. विमानात यापैकी कोणता आहे ते उड्डाणाआधी पाहून ठेवा. फोनला रेंज असेल तर टॉवरला कळवा: सगळे ठीक आहेत की जखमी, गाव कोणते, रस्ता कोणत्या बाजूने. टॉवरचा नंबर फोनमध्ये आधीच जतन केलेला असावा. मदत पोहोचली की ईएलटी बंद करून तसे टॉवरला सांगा, कारण तो वाजत राहिला तर शोधही चालूच राहतो.